आजाराचे नाव: घरात कुजबुजत, माइकवर ठणकावून

आपल्या बहुतेक घरांत कॅन्सरला नाव नसते. खालाजान आजारी आहेत, काय झाले म्हणून विचारले की सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो, ओढणीचे टोक तोंडाशी जाते आणि उत्तर मिळते, "बडी बीमारी है." कोणी "वो वाली बीमारी" म्हणते. पाठोपाठ "अल्लाह दुश्मन को भी न दे" हेही येतेच. पण त्याच घरातला मुलगा जलशात बोलायला उभा राहिला की हाच शब्द छातीठोकपणे वापरतो. हुंडा हा समाजाला लागलेला कॅन्सर आहे. भ्रष्टाचार हा देशाला लागलेला कॅन्सर आहे. तो मुळापासून कापून फेकला पाहिजे! टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत खालाजानचे शोहरही बसलेले असतात.

जो शब्द घरात जिभेवर येत नाही, त्याला माइकवर मात्र लगाम नाही. मला वाटते, या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. एखाद्या आजाराचे नाव वर्षानुवर्षे फक्त घाण, कीड, नाश यांच्याच ओळीत ऐकले, तर स्वतःच्या आईच्या रिपोर्टवर ते नाव दिसल्यावर तोंडून निघणार कसे? आणि नाव निघत नाही म्हणून तपासणी लांबते. स्तनातली गाठ, तोंडातला महिनोन्महिने न भरणारा छाला, मिश्री लावून लावून पांढरा पडलेला गालाचा आतला भाग, हे सारे लवकर दाखवले तर उपचाराला चांगला वाव असतो. आपल्याकडे मात्र "कुछ नहीं, गर्मी का है" म्हणत दिवस काढले जातात. याला केवळ भाषा जबाबदार आहे असे मी म्हणत नाही. पैसा आहे, अंतर आहे, घरच्या पुरुषाला सवड नसणे आहे. पण भीतीचा वाटा मोठा आहे, आणि ती भीती शब्दांवाटेही घरात येते.

सुझन सोंटॅग या अमेरिकन लेखिकेला १९७५ साली कॅन्सर झाला. उपचारांनंतर, १९७८ मध्ये तिने आजार आणि रूपक या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. रोगाभोवती समाजाने रचलेल्या कल्पनांचा रोग्याला वेगळाच त्रास होतो आणि आजाराकडे आजार म्हणूनच पाहिले पाहिजे, असा तिचा मुद्दा होता. तिचे सगळे पटले नाही तरी हा मुद्दा आपल्या मोहल्ल्यात रोज खरा ठरताना दिसतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे वक्तृत्व स्पर्धांच्या तयारीचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेला विषय आला, "हुंडा: समाजाला जडलेला कॅन्सर". नववीतली एक हुशार मुलगी घेतली. भाषण लिहून झाले, पाठही झाले, आणि दोन दिवस आधी ती म्हणाली, "टीचर, अम्मी सामने बैठेंगे ना. मैं 'काट के फेंको' कैसा बोलूं?" तिच्या अम्मीची केमोथेरपी चालू होती. विषय बदलता येतो का ते आयोजकांना विचारले. पत्रिका छापून झाल्या होत्या. मग आम्ही विषय तसाच ठेवला आणि भाषणातून तो शब्द काढून टाकला.

काढल्यावर जी गंमत झाली ती सांगण्यासारखी आहे. 'कॅन्सर' गेला तसे भाषण उघडे पडले. आता तिला सांगणे भाग होते की हुंडा मागतो कोण. मोटारसायकल कोणी मागितली, फर्निचरची यादी कोणी पाठवली, "हमारी कोई मांग नहीं, बस बारात की खातिरदारी" असे गोड बोलून दोनशे माणसांचे जेवण कोणी पदरात पाडून घेतले. निकाहात महर द्यायचा तो नवऱ्याने, आणि कर्ज काढतो तो मुलीचा बाप. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे. घेणाराही गुन्हेगार आणि देणाराही. हे सगळे तिने नावे न घेता पण बोट दाखवून सांगितले. कॅन्सर कोणी मुद्दाम करत नाही. हुंडा मुद्दाम घेतला जातो. त्याला रोग म्हटले की घेणारा आपोआप रुग्ण ठरतो, आणि रुग्णावर कोणी रागवत नाही. म्हणजे ही उपमा खालाजानवर अन्याय करते आणि हुंडा घेणाऱ्याला लपायला जागा देते. मुलीला बक्षीस मिळाले नाही, पण भाषण ऐकून दोन-तीन बायका एकमेकींकडे बघत होत्या, ते मी पाहिले.

आता कोणी म्हणेल, टीचर, मग बोलायचे तरी काय? मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा आजारांनी भरलेल्या आहेत. डोक्याला ताप. कोणाचे चांगले झाले की पोटशूळ. लंगडी सबब, पांगळे समर्थन, आंधळा कारभार, सरकारचा धोरणलकवा. कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते, ही तर इतकी रूढ म्हण की प्रत्यक्षात काविळीत डोळे पिवळे पडतात, नजर नव्हे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. उर्दूत तप-ए-दिक म्हणजे क्षय, आणि "मुझे दिक मत करो" म्हणजे मला सतावू नकोस. मराठीतली दिक्कतसुद्धा त्याच अरबी कुळातली. मजनू हा शब्द 'मजनून'वरून आला, जिन्नाने झपाटलेला, वेडा. 'सौदाई'मधला सौदा म्हणजे जुन्या हकिमांच्या हिशेबातले काळे पित्त. ते वाढले की माणूस भ्रमिष्ट होतो अशी समजूत होती. बीमार, दर्द, दवा, चारागर, मसीहा हे शब्द बाजूला काढले तर गझलेत शिल्लक काय राहील? मराठीत आई लेकराला "वेडं गं माझं" म्हणते तेव्हा त्यात मायेशिवाय दुसरे काही नसते.

म्हणून यादी करून शब्दांवर बंदी घालणाऱ्यांशी माझे जमत नाही. मीर तकी मीर यांनी तरुणपणी खरोखरचे वेड सोसले होते. 'जिक्र-ए-मीर' या आत्मवृत्तात त्यांनी ते लिहून ठेवले आहे. ज्याने जुनून भोगला त्यानेच तो शायरीत आणला. त्याची जीभ कोण धरणार?

प्रश्न शब्दाचा कमी आणि शब्द कुठे नेऊन सोडतो याचा जास्त आहे. इथे आपल्याला दूर जावे लागत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस आपण लहानपणापासून ऐकतो: सर्व श्रद्धावंत एका देहासारखे आहेत, एक अवयव दुखला की सारा देह जागरण करतो, तापाने फणफणतो. ही आजाराचीच उपमा आहे. पण ती दुखणाऱ्या अवयवाला कापून फेका असे सांगत नाही, त्याच्यासाठी जागा म्हणते. तापाबद्दलची दुसरी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. उम्मे साइब (रजि.) तापाने थरथरत होत्या आणि तापाला दूषणे देत होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले, भट्टीत लोखंडाचे किटाळ जावे तसे तापाने माणसाचे गुन्हे जातात, असे समजावले. ज्याला आजाराचीही निंदा आवडली नाही, त्याच्या उम्मतीने आजाराच्या नावाची शिवी करावी?

कुरआनातही मनांतल्या रोगाचा उल्लेख येतो, सत्य नाकारणाऱ्यांना बहिरे, मुके, आंधळे म्हटले आहे. हे दाखवून एका पालकांनी मला विचारले होते, मग आम्ही म्हटले तर काय बिघडले? त्याचे उत्तर कुरआनातच आहे. सूरह हजमध्ये स्पष्ट केले आहे की आंधळे होतात ते डोळे नव्हेत, छातीतली अंतःकरणे होत. म्हणजे ज्याची दृष्टी गेली आहे त्याला या दोषातून आधीच बाजूला काढले आहे. आणि खरोखर दृष्टिहीन असलेले सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचे स्थान पाहा. त्यांच्या येण्याकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या. ते मदिन्यात अजान देत, आणि प्रेषित (स.) मोहिमेवर गेले असता मदिन्याची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली गेली. त्या आयतींत त्यांना 'अंध' म्हटले आहे, सरळ, आडपडदा न ठेवता, आणि त्यात हिणवणे कणभरही नाही.

उलामांनी याचा बारीक विचार केलेला आहे. हदीस सांगणाऱ्या थोर रावींमध्ये एक 'अल-आमश' आहेत, डोळे अधू असलेले. एक 'अल-आरज' आहेत, पायाने अधू. त्यांची ओळख त्याच नावाने होती. इमाम नववी यांनी म्हटले की ओळख पटवण्यासाठी असे नाव घेता येते, कमी लेखण्यासाठी घेणे हराम, आणि दुसऱ्या नावाने ओळख पटत असेल तर तेच बरे. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवू नका, टोपणनावांनी बोलावू नका अशी आज्ञा आहे, तिच्याशी हे सुसंगत आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर "ए लंगड्या", "ए चकण्या", "मेंटल है क्या" हे दर पाच मिनिटांनी ऐकू येते. त्या मुलांना मी रूपक, उपमा काही सांगत बसत नाही. ही आयत सांगते. जुन्या उर्दूत अंध माणसाला "हाफिजजी" म्हणायची पद्धत होती, तीही सांगते. मुलांना ती फार आवडते.

कोढ या शब्दाची कहाणी आपल्या दुभाषी घरांत आणखी गुंतागुंतीची आहे. उर्दूत कोढ म्हणजे कुष्ठरोग. मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. दोन्ही अगदी वेगळे आजार. पांढऱ्या डागांत फक्त त्वचेचा रंग जातो. ते संसर्गजन्य नाहीत. कुष्ठरोग जंतूने होतो. तो जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला, आणि आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्यांनी सहा महिने ते वर्षभरात तो पूर्ण बरा होतो. पण शेजारीण "उसको कोड है" म्हणते, ऐकणारी 'कोढ' ऐकते, आणि मुलीचे स्थळ मोडते. वर बयानांत "बेहयाई मुआशरे का कोढ है" हे वाक्य ठरलेले. ज्या मुलीच्या हातावर पांढरा ठिपका आहे, ती जनानखान्याच्या पडद्यामागे बसून ते ऐकत असते.

मराठीत या आजाराला महारोग म्हणत. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला संस्था काढली, तिच्या नावात अजून 'महारोगी' आहे, आणि तिथे राहणाऱ्यांनी शेती पिकवली, कारखाने चालवले. म्हणजे जुना शब्दसुद्धा ज्याच्या हाती जातो त्याप्रमाणे अर्थ घेतो. कायद्याचे मात्र उलटे होते. आपल्यासाठी लागू असलेल्या १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे फसख मागण्याचे एक कारण होते. हिंदू, ख्रिस्ती आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतही घटस्फोटासाठी तीच तरतूद होती. आजार बरा होऊ लागला तरी हे कलम कित्येक वर्षे तसेच राहिले. २०१९ मध्ये संसदेने ते या सगळ्या कायद्यांतून काढले. कायद्याच्या पुस्तकातून शब्द पुसला गेला, आता बयानातून जायचा आहे.

मनाच्या आजाराबाबत आपण सर्वांत बेपर्वा आहोत. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही चांगली गावे, पण "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्यात जागा आहे का बघा", कोकणात "रत्नागिरीला न्यावे लागेल" असे विनोद इतके मुरले आहेत की ज्यांच्या घरचे माणूस खरेच तिथे दाखल आहे ते "मुंबईला बहिणीकडे आहे" असे सांगतात. वर्तमानपत्रात खून झाला की करणारा 'माथेफिरू', तपास व्हायच्या आधीच. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कोणावर हात उगारत नाहीत. उलट तेच मार खातात.

आणि आपल्या घरांत याला आणखी एक पडदा आहे. आजार म्हणायचेच नाही. असर है, साया है, किसी ने कुछ कर दिया. हाही शब्दांचाच खेळ, फक्त उलट्या दिशेचा: तिकडे जे आजार नाही त्याला आजार म्हणतात, इकडे आजार असून त्याला दुसरेच नाव देतात. किंमत मात्र रुग्णच मोजतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण हलूही शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा साखळ्यांवर स्पष्ट बंदी आणली. दुआ करावी, जरूर करावी. पण ज्या संस्कृतीने कैरोत १२८४ मध्ये कलावूनचे शफाखाने उभारले आणि तिथे मनोरुग्णांनाही जागा दिली, तिच्या वारसांनी डॉक्टरकडे जायला लाजावे हे मला कळत नाही.

एक पायरी याहून खाली आहे. तिथे आजाराचे नाव माणसांच्या गटालाच दिले जाते. नाझींनी ज्यूंना जंतू म्हटले, ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यू, उवा आणि टायफस यांना एका ओळीत बसवणारी भित्तिपत्रके लावली. ज्यांना जंतू म्हटले त्यांचे पुढे काय केले ते जगाला ठाऊक आहे. आपल्याला २०२० विसरता येणार नाही. निजामुद्दीन मर्कजच्या बातम्यांनंतर 'कोरोना'च्या पुढे 'जिहाद' जोडला गेला आणि भाजीची गाडी ढकलणाऱ्याला नाव विचारून परत पाठवले जाऊ लागले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा करण्यात आल्याची शक्यता दिसते असे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१५ मध्येच सांगून ठेवले होते की नव्या रोगाला देशाचे, गावाचे, लोकसमूहाचे नाव देऊ नका. १९१८ ची साथ 'स्पॅनिश' म्हणून बदनाम झाली, तेव्हापासून हा धडा समोर होता.

हे सांगताना आपली अंगणेही झाडली पाहिजेत. दुसऱ्या मसलकाच्या मशिदीत जाणाऱ्यांना "कौम का नासूर" म्हणणारे भाषण मी याच कानांनी ऐकले आहे. नासूर म्हणजे न भरणारी जखम. ती कापतातच. मग २०२० मध्ये दुखले ते काय होते?

कायदा आता थोडा पुढे आला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे, कुष्ठरोगातून बरे झालेलेही त्यात आहेत, आणि चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा केल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांत दिव्यांगांना कसे दाखवावे, कोणते शब्द टाळावेत याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण मोहल्ल्यातल्या ओट्यावर न्यायालय येत नाही.

सध्या मला जास्त काळजी वाटते ती 'डिप्रेशन' या शब्दाची. दहावीच्या वर्गात तो दिवसातून दहादा ऐकू येतो. चाचणीत गुण कमी, डिप्रेशन. मॅच हरली, डिप्रेशन. बिर्याणीत बोटी आली नाही, तरी डिप्रेशन! यात वाईट हेतू नाही, हसतही असतात. पण यांतलेच एखादे मूल खरोखर झोपेनासे होते, जेवण सोडते, मैदानाकडे फिरकत नाही, आणि "मुझे डिप्रेशन है" म्हणते, तेव्हा बाकीचे हसतात, कारण त्यांच्या लेखी तो शब्द विनोदाचा झालेला असतो. अम्मी म्हणते नमाज पढ, अब्बा म्हणतात मोबाइल ठेव. दोन्ही सल्ले आपल्या जागी ठीक, पण त्या मुलाला आधी कोणीतरी विचारायला हवे असते की कधीपासून, किती दिवस, झोप लागते का, जगावेसे वाटते का. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येते आणि आपले नाव सांगावे लागत नाही.